तीसपैकी तीस

बायको परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून बाहेर आली आणि नवऱ्याचं तोंड उतरलं, असा प्रकार मेंदू विभागात त्याआधी कधी झाला नव्हता. मोठे डॉक्टर कागद नाचवतच बाहेर आले. "तीसपैकी तीस," म्हणाले, आणि मास्तरांच्या पाठीवर अशी थाप मारली की जणू पेपर मास्तरांनीच सोडवला असावा. मागून बाई आल्या, पर्सची चेन लावत, ओठांच्या कोपऱ्यात एवढंसं हसू ठेवून. मास्तर "वा" म्हणाले. म्हणायलाच हवं होतं. ही तिसरी खेप होती, तिन्ही वेळा तीस, आणि तिन्ही वेळा घरून निघताना मास्तर मनातल्या मनात एकच मागणं मागत होते, की आज तरी ही नापास होऊ दे.

आता नवरा असलं काही का मागेल, हे कळायला बाई कोण हे आधी कळायला हवं.

बाई म्हणजे त्याच विभागातल्या बाई. हजेरीपटावर त्यांचं रीतसर नाव होतं, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ज्यांना विसरायला होतं अशी माणसं समोर बसवायची आणि त्यांची परीक्षा घ्यायची. मुळात त्या लागल्या होत्या नोंदणीच्या खिडकीवर. परीक्षा घेणारे मानसतज्ज्ञ एक दिवस दुसरीकडे निघून गेले, त्यांच्या जागी कुणी येईना, तेव्हा त्या वेळच्या डॉक्टरांनी "नवा माणूस येईपर्यंत जरा बघा" म्हणून कागदांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला. नवा माणूस आलाच नाही. तात्पुरतं काम अठ्ठावीस वर्षं चाललं.

पेपर परदेशातून आलेला होता. त्यातले शब्द इथल्या म्हाताऱ्यांनी जन्मात ऐकलेले नव्हते. ज्याला वस्तूच माहीत नाही तो ती विसरणार कशी, असं म्हणून बाईंनी घरी बसून, मास्तरांवर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर प्रयोग करून, शब्दांचे तीन नवे संच तयार केले. पहिल्या संचात छत्री, सुई, कोंबडा, पूल आणि लिंबू. हे पाच शब्द ऐकायचे, मग शंभरातून सात सात वजा करत जायचं, एक घड्याळ काढून त्यात दोनला दहा कमी दाखवायचे, तारीख-वार सांगायचा, आणि हे सगळं झाल्यावर बाई सहज आठवल्यासारखं विचारायच्या, मघाशी पाच शब्द सांगितले होते, ते कुठले हो? तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडायची. ज्यांनी जन्मभर कोर्टात लोकांच्या उलटतपासण्या घेतल्या ते कोंबड्यापाशी येऊन अडायचे. पुढे एक समिती बसली, तिने हे तीन संच मान्य केले, त्यांच्यावर शिक्का मारला, आणि त्या दिवसापासून त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा हलवायची कुणाची टाप राहिली नाही.

बाईंच्या खोलीचे दोन नियम होते. पहिला, सोबत आलेल्या माणसाने मधे तोंड उघडायचं नाही. उघडलं की बाहेर. एका बड्या वकिलाला त्यांनी बायकोच्या पाठीमागून "लिं... लिं..." करताना पकडलं होतं आणि उठवून पॅसेजमधल्या बाकावर बसवलं होतं. वकील खूप बोलला. बाई म्हणाल्या, "तुमची परीक्षा पुढच्या मंगळवारी घेऊ." दुसरा नियम खुर्चीचा. सोबतच्या माणसाची खुर्ची पेशंटच्या शेजारी नसायची. ती मागे असायची, एका बाजूला, पाऊलभर अंतर सोडून. खोली लहान म्हणून असेल, असं सगळे धरून चालले. झाडायला येणारी बाई रोज ती खुर्ची पुढे सरकवायची आणि या बाई रोज ती मागे ढकलायच्या. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

मोठ्या डॉक्टरांचे शोधनिबंध दूरदूर पोचले. त्यातला एकूण एक आकडा बाईंच्या टेबलावर जन्मलेला. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असायची, 'विभागातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.' बाई ती ओळ बोट ठेवून मास्तरांना दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे बघा, यात मी आहे."

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. शिकणाऱ्यालाही दोन-चार दिवसांत त्याचा विसर पडतो. समोरून ट्रक आला आणि शिकणाऱ्याचे हातपाय गळाले, की मास्तर शांतपणे आपला पाय दाबायचे आणि वर म्हणायचे, "छान, वेळेवर थांबलात." चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. गाडीला ओरखडा म्हणून नाही. अर्ध्या शहराला आजही वाटतं की त्या दिवशी ट्रकसमोर आपणच गाडी थांबवली. सवय अशी हाडीमासी भिनली की बसमध्ये बसले तरी मास्तरांचा उजवा पाय जमीन दाबत असतो, आणि टीव्हीवर कुणी जोरात गाडी हाकली तर घरातल्या खुर्चीतही.

बाई निवृत्त झाल्या त्यानंतर सहा-सात महिन्यांनी सुरुवात झाली. गॅलरीतल्या कुंडीला त्या सकाळी पाणी घालायच्या, मग पुन्हा घालायच्या, मग दुपारी घालायच्या. झाड कुजून आडवं झालं. बाई म्हणाल्या, पाणी कमी पडलं. मास्तरांनी गुपचूप दुसरं झाड आणून त्याच कुंडीत लावलं. मग खालच्या मजल्यावरचे साहेब वारले. दोघं भेटून आली, बाई त्यांच्या बायकोचा हात धरून बराच वेळ बसल्या. आठवड्याने त्याच घरात पुन्हा गेल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "साहेब दिसत नाहीत ते?" त्या माउलीचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तर मधे पडले. "फोटो, फोटो कुठे लावलाय असं विचारतेय ती," म्हणाले. पाय त्यांनी जमिनीवर घट्ट दाबून धरला होता.

त्या दिवसापासून मास्तर सारखे ब्रेकवरच. कुणी भेटायला आलं की दार उघडता उघडता मोठ्याने म्हणायचे, "अगं, तुझी शाळेतली मैत्रीण आली बघ, जिची मुलगी परवा बाळंत झाली ती." म्हणजे बाईंच्या हातात सगळं आयतं. मुलगी दूरच्या शहरात असायची, रविवारी तिचा फोन यायचा. मास्तर समोर बसून जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर मोठ्या अक्षरांत लिहून धरायचे. जावयाची बदली. नातवाचा दात. बाई ते बघून असं काही ठसक्यात बोलायच्या की ऐकत राहावं. मुलगी म्हणायची, आईच्या डोक्याला तोड नाही, तिला सगळ्या जगाचं लक्षात असतं. बाबा, तुम्हीच हल्ली घुम्यासारखे बसता.

मग एकदा न राहवून मास्तरांनी बाजूला जाऊन तिला फोन लावून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला काही उद्योग उरला नाही ना, म्हणून असलं सुचतं. फिरायला जात जा.

इतकं बेमालूम काम करून ठेवलं होतं मास्तरांनी. आता स्वतःच्याच कामावर ते दातओठ खात होते.

याच सुमाराला मेंदू विभागाच्या फळ्यावर एक सूचना लागली. विसरण्याच्या आजारात मेंदूत एक प्रथिन साचत जातं, आणि संशोधन सांगतं की ते साचायला लागतं माणूस विसरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी. त्यावर एक नवं औषध देऊन बघायचं होतं. गेलेलं ते परत आणणार नव्हतं. पण लवकर सुरू केलं तर उरलेलं जरा जास्त दिवस टिकेल अशी आशा होती. चाळीस जागा. नोंदणी महिनाअखेरपर्यंत. आणि अट अशी की आधी कागदावरच्या परीक्षेत सव्विसाच्या खाली गुण हवेत, नाहीतर विभागातल्या डॉक्टरने स्वतः पाहिलेल्या लक्षणाची लेखी नोंद हवी. घरच्यांचं सांगणं धरलं जाणार नाही. थोडक्यात, आधी कागदावर नापास व्हा, मग मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात जा.

मास्तरांनी ती सूचना तीनदा वाचली. उरलेलं जरा जास्त दिवस टिकेल, एवढ्याच वाक्यावर ते पुन्हा पुन्हा येत होते. त्यांना आणखी काय हवं होतं? बाईंनी त्यांना "अहो" म्हणून हाक मारावी, आणि हाक मारून झाल्यावर कशासाठी मारली ते त्यांना माहीत असावं. एवढंच.

बाईंना परीक्षेला बसवायचं म्हटलं तर त्या खवळल्या. "मला? अहो, ते तीन संच मी केलेत." मास्तर म्हणाले, मग दाखव करून. ही मात्रा लागू पडली. बाई इस्त्रीची साडी नेसून तरातरा निघाल्या.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. परीक्षा मोठ्या डॉक्टरांनी स्वतः घेतली, जुन्या सहकारी म्हणून. मास्तर बाहेर बाकावर. छत्री, सुई, कोंबडा, पूल, लिंबू हे बाईंनी अठ्ठावीस वर्षांत काही हजार वेळा म्हटलेलं. आदल्या दिवशीचं जेवण पुसलं जाईल, पण हे पुसलं जायला बराच काळ जावा लागेल. शंभरातून सात त्यांनी पाढा म्हटल्यासारखे धडाधड कमी केले. घड्याळ तर हातच काढत होता. राहिली तारीख. ती आदल्या रात्रीपासून मास्तरांना सहा वेळा विचारून झाली होती आणि सहाही वेळा निसटली होती. पण मोठ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच कागदाच्या माथ्यावर तारीख घातलेली, आणि टेबलापलीकडच्या माणसाचा कागद उलटा वाचणं हे तर बाईंचं जन्माचं काम. तारीख, वार, महिना, वर्ष, सगळं बरोबर. तीस. दहा दिवसांनी दुसरा संच, तीस. आणि आज तिसरा.

मास्तर मोठ्या डॉक्टरांच्या मागे मागे त्यांच्या खोलीत गेले. म्हणाले, तिला पेपर पाठ आहे, दुसरे शब्द विचारा ना. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं की प्रमाणित नसलेला शब्द विचारता येत नाही. नवा संच मान्य व्हायला दोन वर्षं लागतात. मग त्यांनी चष्मा काढला, मास्तरांकडे कनवाळूपणे पाहिलं, आणि म्हणाले की कधी कधी असं होतं, ज्याचं स्वतःचं विसरणं सुरू झालेलं असतं त्यालाच समोरच्याचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. दहा मिनिटं आहेत का?

मास्तरांची परीक्षा झाली. ज्या माणसावर बाईंनी तिन्ही संचांचे प्रयोग केले होते त्याला त्या दिवशी पाचातले दोन शब्द आठवले. दारापलीकडे बाई बाकावर एकट्या बसल्यात, उठून कुठे गेल्या तर, एवढंच डोक्यात. घड्याळात त्यांनी पावणेदोन दाखवले. पंचवीस गुण.

"मास्तर," मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "तुमचं नाव घालू का यादीत?"

घरी येताना बाई खुशीत होत्या. मास्तरांना पंचवीस मिळाले हे त्यांना बसमध्ये चार वेळा नव्याने कळलं आणि चारही वेळा त्यांनी तितक्याच मायेने सांगितलं, "काळजी करू नका, मी आहे ना."

विभागात एक धाकट्या डॉक्टर नव्याने आल्या होत्या. नव्याने आलेल्याला जे काम देतात तेच त्यांना मिळालं. कपाटातले जुने कागद काढायचे आणि संगणकात चढवायचे. कंटाळून कुणीही आकडे तेवढे टिपले असते. या पोरीने कागदच वाचले. तिला दिसलं की काही कागदांच्या कडेला, समासात, पेन्सिलीने एक छोटा बाण काढलाय, मागे वळलेला. कुठे एक, कुठे तीन. नियमावलीत बाणाबद्दल अक्षर नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पेन्सिल चालते का ते बघत असतील.

महिना संपायला आठ दिवस होते तेव्हा एका सकाळी धाकट्या डॉक्टर कागदांची पिशवी घेऊन घरी आल्या. बाईंनी बाण पाहिला आणि त्यांची पाठ ताठ झाली. पुन्हा टेबलामागे बसल्यासारख्या त्या बोलायला लागल्या.

"मान वळली की बाण," म्हणाल्या. "पेशंटला विचारलं, काल कुठे गेला होता, की ज्याला आठवत नाही तो काय करतो? नाही आठवत असं म्हणत नाही. शेजारच्याकडे बघतो. बायकोकडे, मुलाकडे. शेजारी बसलं असेल तर नुसता डोळा फिरतो, आपल्याला दिसत नाही. म्हणून खुर्ची मागे ठेवायची. मग त्याला मान वळवावीच लागते. गुण किती का मिळेनात. पाठ केलेलं पाठ असतं. मानेला पाठ करता येत नाही."

धाकट्या डॉक्टर म्हणाल्या की त्यांनी तीनशे कागद ताडून पाहिलेत. चांगले गुण पडूनही ज्यांच्या समासात बाण होता, त्यांतले कितीतरी लोक दोन-चार वर्षांत परत आलेत, आणि तेव्हा गुण कोसळलेले. मान वळण्याचं इतरांच्याही ध्यानात आलेलं आहे, पण त्यासाठी खुर्ची मागे ठेवून बसलेलं कुणी त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, बाई?

"कुणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

मास्तर चहाचा ट्रे धरून दारात उभे होते, ते तिथेच खिळले. दोन वर्षांत ही मान किती वेळा आपल्याकडे वळली, याचा हिशोब त्यांना लागेना. आणि वळली तेव्हा प्रत्येक वेळी आपण काय केलं, ते मात्र लख्ख आठवलं.

निघताना धाकट्या डॉक्टर चपला घालता घालता थांबल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "बाई बऱ्या आहेत ना? मघापासून त्यांनी मला दोनदा विचारलं, तुम्ही कुठून आलात म्हणून."

जे ऐकायला मास्तर तीन खेपा घालून आले होते ते आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं. आणि मास्तर काय म्हणाले? "अहो, वय झालं आता. ठणठणीत आहे ती."

दार लागल्यावर त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय फरशीवर दाबलेला होता. त्यांना तो पाय तोडून टाकावासा वाटला. ते तिथेच दाराशी चपलांच्या फळीवर बसले, आणि आतून बाईंनी विचारलं, "अहो, कोण आलं होतं?" तेव्हा डोळे पुसून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. "डॉक्टर, मी काल खोटं बोललो," एवढं एकच वाक्य ते धड बोलू शकले. मग धाकट्या डॉक्टर म्हणाल्या, शुक्रवारी घेऊन या. या वेळी तुम्ही आत बसायचं.

शुक्रवारी बस अर्ध्या वाटेत बंद पडली. ड्रायव्हर उतरला, त्याने इंजिनाचं झाकण उघडलं, आणि आतून भसकन वाफ आली तसा तो मागे उडी मारून एका प्रवाशाच्या भाजीच्या पिशवीत बसला. टोमॅटोंचा चिखल. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की रस्त्याच्या कडेला त्यांना खाली बसावं लागलं. मास्तरही हसले. कित्येक महिन्यांत दोघं असं एकत्र हसले नव्हते. पुढचा पल्ला चालत गेले. बाई मधेच थांबायच्या, "टोमॅटो" म्हणायच्या आणि पुन्हा हसायला लागायच्या. मास्तरांच्या मनात आलं, आपण उगाच घाबरतोय, हिला काही झालेलं नाही.

खोली तीच होती. बाई निवृत्त झाल्यापासून सोबतच्या खुर्चीवर फायलींचा ढीग पडला होता. धाकट्या डॉक्टरांनी तो उचलून जमिनीवर ठेवला होता आणि खुर्ची मागे, एका बाजूला, पाऊलभर अंतरावर नेऊन ठेवली होती. बाईंच्या नजरेत ते लगेच आलं. "बरोबर लावलीय," म्हणाल्या. आणि मास्तरांना बोट दाखवून, "मधे बोलायचं नाही. बोललात तर बाहेर."

कागदावरचं सगळं नेहमीसारखं झालं. पाच शब्द, सात सात, दोनला दहा कमी. तारीख बाईंनी उलटी वाचली. तीसपैकी तीस. धाकट्या डॉक्टरांनी आकडा लिहिला, टोपण लावलं आणि पेन खाली ठेवलं. बाईही सैलावल्या. परीक्षा संपली होती.

"उशीर झाला ना आज तुम्हाला," धाकट्या डॉक्टर सहज म्हणाल्या. "वाटेत काय झालं?"

बाईंनी तोंड उघडलं. थोडा वेळ ते तसंच उघडं राहिलं. मग त्यांची मान हळूहळू वळली, खांद्यावरून मागे, आणि त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

त्या नजरेत भीती नव्हती. खात्री होती. दोन वर्षं या बाजूला पाहिलं की उत्तर मिळत होतं, आताही मिळणारच. मास्तरांच्या जिभेवर सगळं जमून आलं होतं. बस, वाफ, पिशवी. 'टोमॅटो' एवढा एक शब्द पुरला असता. पुढचं तिने हसून निभावून नेलं असतं. त्यांचा पाय आपोआप उचलला गेला आणि खाली यायला निघाला. मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला. पाय हवेत राहिला. ओठ त्यांनी घट्ट आवळून धरले. बाई बघत होत्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, कारण त्या डोळ्यांत बघत गप्प बसणं त्यांच्याच्याने होईना. तासाभरापूर्वी ती रस्त्याच्या कडेला बसून हसली होती, आणि ते आता फक्त त्यांच्या एकट्याकडे उरलं होतं.

डोळे उघडले तेव्हा बाई अजून त्यांच्याकडेच बघत होत्या. पण आता वेगळ्या. कागदात चूक सापडल्यावर त्या अशा बघायच्या.

त्या सरळ झाल्या. पदर नीट केला.

"डॉक्टर," म्हणाल्या, "मान वळली. बाण काढा."

धाकट्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांचा हात काही पुढे होईना. मग बाईंनीच टेबलावरची पेन्सिल उचलली, कागद स्वतःकडे न फिरवता, उलटाच, नेमक्या समासात हात नेला आणि मागे वळलेला एक छोटा बाण काढला.

"खाली तुमची सही करा," म्हणाल्या. "सहीशिवाय धरत नाहीत."

धाकट्या डॉक्टरांनी सही केली. त्यावर वेळ घातली, शेजारी दोन ओळींची नोंद लिहिली, आणि यादी आणायला स्वतः उठून गेल्या. खोलीत दोघंच राहिली. बाईंनी मागे पाहिलं नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे, जिथे त्या अठ्ठावीस वर्षं बसल्या होत्या, तिकडे बघत त्यांनी विचारलं,

"अहो, कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि तुम्ही मला सांगत राहिलात. मागून."

मास्तर अजून गुडघा धरूनच बसले होते.

"पहिल्याच दिवशी बाहेर बसवायला हवं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी हात मागे केला, न बघता, आणि बोटांनी चाचपत मास्तरांचा गुडघा शोधून त्यावर ठेवला. मास्तरांचा पाय तेव्हा कुठे खाली आला.